आवाज कुठे ठेवायचा

दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरातून एसटी जायची. कल्याणहून सुटायची, शहाड, म्हारळ, वरप, कांबा करत रायत्याला यायची. मग गोवेली, मामणोली, किशोर, मुरबाड. मुरबाडला दहा मिनिटं थांबायची. "च्या पिऊन घ्या, मागून बोंबलू नका," असा दणदणीत आवाज यायचा आणि आई अर्धवट झोपेत हसायची. पुढे सरळगाव, टोकावडे. वैशाखऱ्यापर्यंत आई कधी जागी राहिली नाही. गाडी मोरोशीला पोचेपर्यंत तिचा पदर तोंडावर आलेला असायचा, पंखा फिरत असायचा, आणि ज्यांचा तो आवाज, ते बाबा ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत असायचे.

आवाज कॉम्प्युटरमधून यायचा. बाबांच्या घशात गाठ निघाली होती आणि मुंबईच्या इस्पितळात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याला समोर एक भोक, त्यातून श्वास, त्यावर पांढरं फडकं. बोलणं संपलं. दोन हजार पाच-सहाचं साल असेल. आमचं गाव धसईपासून चालत अर्ध्या तासावर. अंगणात उभं राहिलं की समोर सिद्धगड. मी रोज एसटीने मुरबाडला जायचे आणि तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. गावात मला 'कॉम्प्युटरवाली बाय' म्हणायचे. म्हणजे पुढे जो काही गाढवपणा झाला तो एका जाणत्या बाईने केला, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी हसलं तर मला राग येतो.

बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस-एक वर्षं त्यांनी हीच नावं ओरडली. त्यांचा आवाज गोड बिड अजिबात नव्हता. तो रुंद होता. मागच्या बाकावर कोंबड्या घेऊन बसलेल्या म्हातारीलाही ऐकू जायचा आणि तिला वाटायचं, हा आपल्यालाच सांगतोय. नव्वदच्या दशकात मी दहावी झाले, तेव्हा याच आवाजाने त्यांनी शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याला दारातूनच विचारलं होतं, "पोरीला मशीन शिकवायचाय, हात लावू देणार का नुसता लांबून दाखवणार?" आत चार मुलगे होते, ते दचकून उभे राहिले. मी लाजेने अर्धी झाले. मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूरला जाणाऱ्या गाडीत मी सहा महिने बसले, आणि बाबांची ओळख असल्यामुळे मला नेहमी खिडकी मिळाली.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाज राहणार नाही. परत येताना बाबा गाडीत काहीच बोलले नाहीत. मला इतका राग आला! अहो, बोलून घ्या ना, आहे तोवर! पण बाबांना तोंडावर असं कोण म्हणणार? घरी आल्यावर मी कॉम्प्युटरला एक साधा माइक लावला आणि त्यांना समोर बसवलं. आठ-दहा दुपारी आम्ही ते केलं. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, मधे मधे फाटायचा, तरी ओळखू यायचा. मी म्हणायचे, "बाबा, थांबे घ्या." ते घ्यायचे. "बैलांना हाका मारा." मारायचे, आणि गोठ्यातून बैल खरंच हंबरायचे, तेही त्यात आलं. भाताच्या खाचरांची नावं, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की गाडी कशी फिरवायची ते, मला लहानपणी द्यायचे त्या शिव्या, सगळं.

एके दिवशी मी म्हटलं, "आता आईचं नाव घ्या."

"गप ये," बाबा म्हणाले.

"घ्या ना. एकदाच."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचं घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी सगळा संसार "अगो" आणि "अहो, ऐकला का"वर चालतो. बाबा माइककडे बघत राहिले. आई दारात उभी राहून सुपात तांदूळ पाखडत होती, तिने पाखडणं थांबवलं. त्या फायलीत दहा-बारा सेकंद नुसता पंखा ऐकू यायचा. मग बाबांचा खाकरण्याचा आवाज, आणि शेवटी, "अगो, पाणी दे." बस. एवढंच.

ती फाइल आईची सगळ्यात आवडती निघाली.

ऑपरेशननंतर घरी एक पाटी आली. बाबा पाटीवर लिहायचे, मी वाचायचे. मी असेपर्यंत ठीक होतं. पण सकाळी सातच्या गाडीने मी मुरबाडला गेले की घरात दोनच माणसं. एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला वाचता येत नाही. आई शाळेत गेलेली नव्हती. बाबा खुणा करायचे. आईला मीठ हवंय असं वाटायचं, ती मीठ आणायची, त्यांना विळा हवा असायचा. दोघं चिडायचे. बाबांचं चिडणं मुकं आणि आईचं बोलकं, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटायचं, बाईच भांडकुदळ आहे. संध्याकाळी मी आले की दिवसभराची पाटी माझ्यासमोर यायची आणि मी आईला सांगायचे, सकाळी दहा वाजता तुझ्या नवऱ्याला काय हवं होतं.

म्हणून मी आईला कॉम्प्युटर लावायला शिकवला. अक्षरं येत नव्हती, तर फायलींना चित्रं दिली, नावंही तीच. झाड म्हणजे खाचरं. चांदणी म्हणजे शिव्या. किल्ली म्हणजे थांबे. एसटीचं चित्र सापडलं नाही. पाण्याच्या फायलीला मी फूल दिलं होतं. आई हात धुऊन, पदराला पुसून, मग माउस धरायची. दोनदा टिचकी मारायची आणि खाली चटईवर आडवी व्हायची. घरात बाबांचा आवाज पसरायचा. तो आवाज आणि दुपारचं ऊन एकमेकांत मिसळून जायचं, इतकं की कधी सुट्टीच्या दिवशी मी डोळे मिटून पडले असले तर मला कळायचं नाही, बाबा आत आहेत की बाहेर, आत्ता आहे की मी शाळेत आहे तेव्हाचं आहे. मी गाडीत बसलेय आणि पुढे कोणीतरी माझ्या उतरायच्या गावाचं नाव घेणार आहे, असं वाटत राहायचं. ते नाव यायच्या आत मलाही झोप लागायची.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. इस्पितळात एक बाई बाबांना शिकवायला यायच्या. हवा गिळायची आणि ढेकर देतो तशी वर आणून त्यावर शब्द बोलायचे. खूप लोक असं बोलतात, सराव लागतो, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी घरी एकदा केलं. मोडका, खरखरीत आवाज निघाला. आई बिचारी दचकली. मुद्दाम नाही, पण दचकली. नेमकी आत किल्लीची फाइल चालू होती, "सरळगाव, सरळगाववाले पुढे या." बाबांनी दोन्ही ऐकलं, आतला आणि स्वतःचा. मग पाटी घेतली आणि लिहिलं, 'आतला बरा बोलतो. त्यालाच बोलू दे.'

मी दोन-चारदा समजावलं. भांडले सुद्धा. बाबा पाटी पुसून टाकायचे, की विषय संपला.

आता तो आतला जपायचा कसा, हे माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला सुद्धा बुरशी येते. आधी मी सगळं दोन सीडींवर काढलं आणि कपाटात ठेवलं. श्रावणात बघितलं तर सीडीवर पांढरे ठिपके. आईला म्हटलं, "ह्याला ओल लागलेय बघ." मी क्लासला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर आईने दोन्ही सीडी वालाच्या बियांबरोबर सुपात घालून पत्र्यावर वाळत टाकलेल्या! नेमकं त्या दिवशी ऊन चांगलं कडक. त्या अशा वाकल्या होत्या की त्यात बाबा काय, कोणीच बोललं नसतं. आई म्हणाली, "ओल लागली तर वाळवायला नको?" बरोबरच होतं तिचं.

क्लासमधल्या एका मासिकात वाचलं की आता फायली इंटरनेटवरून कुणाकडे तरी ठेवायला देता येतात. तुमचा कॉम्प्युटर जळो, बुडो, चोरीला जावो, तिकडे तुमचं सगळं शाबूत. मी वाचून उडालेच. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, रडतखडत चालायचं, पण होतं. मी एक वही केली आणि अशी सेवा देणाऱ्या चार कंपन्या शोधून काढल्या. मुलीला स्थळं बघतात तसं मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या स्वतःच्या स्थळांकडे मी इतकं कधीच बघितलं नव्हतं.

पहिली फुकट होती, पण जागा इतकी थोडी की बाबा मुरबाडपर्यंतच पोचले असते. दुसरीकडे जागा ढीगभर, पण पानं उघडताना मधेच बंद पडायचं. म्हटलं, आत्ताच ही तऱ्हा तर पुढे काय. तिसरीने सांगितलं, तुम्ही तुमची किल्ली हरवलीत तर आम्ही सुद्धा कुलूप उघडू शकणार नाही. ते म्हणे फार सुरक्षित असतं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "असला कसला ठेवणारा? त्याच्याच घरातला कुलूप त्यालाच उघडत नाय?" तिसरी गेली. चौथीच्या पानावर एक वाक्य होतं. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जे आहे, अगदी तेच आमच्याकडे आहे, जसंच्या तसं.' मला ते फार आवडलं. मी वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाटीवर विचारलं, 'ठेवणार कुठे?'

"परदेशात मोठी इमारत आहे. आत नुसती मशीनं. रात्रंदिवस थंड ठेवतात."

'तिथे ऐकणार कोण?'

"कोणी नाही बाबा. नुसतं जपून ठेवतात."

बाबांनी मान हलवली. गाडीत लोक छत्र्या, पिशव्या, एकदा तर कवळी विसरून गेले होते. ते सगळं डेपोत जमा करावं लागायचं आणि तिथे ठरावीक दिवसच ठेवायचे, त्यामुळे ठेवणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'किती दिवस?'

मी हसले. "कायमचं! डेपो आहे का तो?"

पैसे भरायला परदेशी चालणारं कार्ड लागायचं. आमच्या गावाला रेशनकार्ड आणि मतदानाचं कार्ड एवढी दोनच माहीत. कल्याणच्या मावसभावाने त्याचं दिलं. करारनामा इंग्रजीत होता, बारीक अक्षरात, छापल्यावर वीस-बावीस पानं. मी तो एसटीत वाचायला घेतला, हातात पेन्सिल, मांडीवर डिक्शनरी. अकरा पानं नेटाने वाचली. बाराव्या पानावर खिडकीतून वारा लागला आणि मी झोपले. त्या झोपेत मला स्वप्न पडलं की बाबांचा आवाज रस्त्याच्या कडेच्या तारांवरून चाललाय, आणि तारेवरचे पक्षी त्याला वाट द्यायला एकेक पाय उचलतायत. उठले ते धसईलाच. पुढची पानं मी वाचली नाहीत.

परीक्षा मात्र घेतली, अगदीच आंधळा कारभार केला नाही. चहाची फाइल वर चढवली, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमधून पुसून टाकली, आणि तिकडून परत मागवली. आली! "च्या पिऊन घ्या, मागून बोंबलू नका." मी टाळ्या पिटल्या. मग दोन-अडीच आठवडे, सकाळी क्लासला जायच्या आधी आणि रविवारी, एकेक फाइल वर चढत राहिली. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायची, आई चहाचा कप घेऊन शेजारी बसायची आणि विचारायची, "आता कुठवर गेले?" मी म्हणायचे, "टोकावड्यापर्यंत." शेवटची फाइल गेली त्या दिवशी आईने शिरा केला.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर कॉम्प्युटरला व्हायरस लागला. मुरबाडचा दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, सगळा पुसून नव्याने भरावा लागेल. आत काय ठेवायचं हाय का?" मी ऐटीत म्हटलं, "पूस खुशाल. माझं सगळं वर आहे." त्याने पुसलं. घरी आणून मी त्या कंपनीचा प्रोग्राम पुन्हा घातला, नाव-पासवर्ड दिला, 'बाबा' नावाचं फोल्डर केलं. खिडकीत सगळ्या फायलींची यादी दिसली, जशीच्या तशी. झाड, चांदणी, किल्ली, फूल, सगळी नावं. किती हायसं वाटलं. उतरवायला बरेच दिवस लागले असते. म्हटलं, रविवारी सुरू करू.

शनिवारी रस्ता रुंद करायला आलेल्या जेसीबीने टेलिफोनची केबल तोडली.

दसरा गेला. फोन मुका. आई रोज विचारायची, "आला का गो?" मी म्हणायचे, "येईल. वर सुखरूप आहेत." मला मुरबाडहून उतरवता आलं असतं. क्लासमध्ये नेट होतं, दिवसाला चार फायली तरी आल्या असत्या. पण तेव्हा भाताची कापणी सुरू होती, मी क्लासमधून लवकर पळून यायचे, खाचरात आई-बाबांबरोबर वाकायचे, आणि मनात पक्कं होतं की गेलंय कुठे? आहेच की. मेलही उघडला नाही. उघडला असता तर! हे 'तर' मी पुढे कितीतरी दिवस चघळलं. झोडणी झाली, दिवाळी झाली, आणि एका सकाळी फोनची रिंग वाजली. रिकामीच वाजली, लाइनवाल्याने तपासायला केली होती. आई धावत आली आणि चटई अंथरायला लागली.

मी यादी उघडली. 'बाबा' होतं. त्याच्या आत काही नव्हतं.

पुन्हा उघडलं. बंद करून सुरू केलं. मग मेल बघितला. चार पत्रं आली होती, एकाखाली एक, सगळी नम्र. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या या फोल्डरातल्या फायली तुम्ही काढून टाकलेल्या दिसतात. तीस दिवसांत परत न दिसल्यास आम्हीही त्या काढून टाकू. मग वीस दिवस उरले. मग सात. मग, काढून टाकल्या आहेत. मी नव्याने केलेलं रिकामं 'बाबा' फोल्डर त्यांच्या प्रोग्रामने बघितलं होतं. करारात हे सतराव्या पानावर होतं.

माझा संताप संताप झाला. मी त्यांना इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. त्यात हे लिहिता आलं नाही, ते इथे लिहिते. आमच्या घरी एक तांबड्या भाताचं जुनं वाण आहे. त्याचं बी आम्ही अर्धं आमच्या कणगीत ठेवतो आणि अर्धं वैशाखऱ्याला आत्याच्या कणगीत. तिचंही अर्धं आमच्याकडे. गावात सगळेच असं करतात, कुणाची बहीण, कुणाचं माहेर. एका साली आमचं बी घुशींनी संपवलं. बाबा रिकामं पोतं घेऊन आत्याकडे गेले. आत्याने काही विचारलं नाही, भरून दिलं. आमची कणगी रिकामी झालेय म्हणून आत्याने आपलीही रिकामी केली असती तर तिला वेडी म्हटलं असतं लोकांनी! आपलं संपलं म्हणूनच तर दुसऱ्याकडचं लागतं. दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते. विचारायचं सुचलंच नाही. सुचलं होतं ते बाबांना, पाटीवर, आणि मी हसले होते.

त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तुमची निराशा आम्ही समजू शकतो, फायली परत आणणं शक्य नाही.

ते दोन दिवस मी आईला "मशीन बिघडलंय" सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी आई हात धुऊन, पदराला पुसून माझ्यामागे उभी राहिली आणि मला ते सहन होईना. बाबा ओटीवरून आत आले होते. मी दोघांना सांगितलं. "गेलं सगळं. माझ्यामुळे गेलं. मी नीट वाचलं नाही."

आईला कळलं नाही. "मंग परत भर ना," ती म्हणाली. "त्यांना बोलायला सांग. बसतील ते परत." आणि मग तिने बाबांकडे बघितलं, त्यांच्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून खाली बसली.

मी रडले. मोठी झाल्यापासून बाबांसमोर रडले नव्हते. बाबांनी पाटी घेतली. मग लिहिलं, 'गेला बिचारा. बरा माणूस होता.'

आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते ते. आवाज न होता, गळ्यावरचं फडकं आत-बाहेर करत हसत होते.

"काय लिवलाय?" आईने विचारलं.

"म्हणतात, जाऊ दे," मी सांगितलं. खरं वाचून दाखवायचा धीर झाला नाही.

नंतरचे पंधरा-वीस दिवस घर नुसतं पेंगत होतं. दुपारी आई चटईवर पडायची, पण झोपायची नाही, आढ्याकडे बघत राहायची. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याशेजारी पडून थांबे घेऊन बघितले. माझ्या आवाजात ते अगदी शाळेतल्या कवितेसारखे वाटले. गोवेलीलाच आई म्हणाली, "राहू दे गो." बाबा त्या वेळी घरात नसायचे. पाण्याचा तांब्या घेऊन मागे पेंढ्याच्या माचाकडे जायचे. तिकडून खोकल्यासारखे कसले तरी आवाज यायचे. आई म्हणायची, "बैलाला ढास लागली का काय." मी बघायला गेले नाही. मला त्यांच्या समोर जायचीच लाज वाटत होती.

मग एका सकाळी मी सातच्या गाडीची तयारी करत होते, वेणी अर्धी झाली होती. आई चुलीपुढे तांदळाची भाकर थापत होती, पाठ दाराकडे. थंडी पडायला लागली होती, घरात धूर कोंडला होता आणि त्यात सगळं जरा पुसट दिसत होतं. ओटीवरून आवाज आला. फुटका, खालून ओढून काढल्यासारखा, दोन शब्दांमध्ये मोठी फट.

"भाकर... झाली?"

"कोण आलाय गो?" आईने मान न वळवता मला विचारलं. "बसा म्हणाव."

मी दारातून वाकून बघितलं. दुसरं कोणी नव्हतं. बाबा उंबऱ्यापाशी उभे होते, एक हात फडक्यावर, चेहरा लालबुंद. ते माझ्याकडे बघत नव्हते. आईच्या पाठीकडे बघत होते.

"अगो, कोण हाय?" आईने पुन्हा विचारलं.

बाबांनी हवा गिळली. एकदा जमलं नाही. पुन्हा गिळली.

"मी," बाबा म्हणाले.

आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. तव्यावरची आधीची भाकर करपायला लागली, वास सुटला, तरी ती हलली नाही. वळलीही नाही. मग तिने पिठाच्या हाताने डोळे पुसले, कपाळभर पीठ लागलं, आणि म्हणाली, "मंग उभे कशाला? बसा की."